आडनावाचे बदलते लेखन आणि वंशशोध : एका आयरिश स्थलांतरित घराण्याच्या संदर्भात

प्रस्तावना

वंशावळीचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाचे पहिले साधन म्हणजे आडनाव होय. एका आडनावाची माणसे एका कुळातील असावीत आणि आडनाव वेगळे असल्यास कूळही वेगळे असावे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड सोडून अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या बाबतीत मात्र ही दोन्ही गृहीतके अपुरी ठरतात. तेथे एकाच घराण्याचे आडनाव तीन पिढ्यांत तीन प्रकारे लिहिलेले आढळते. उलट, एकाच नावाच्या दोन भिन्न व्यक्ती एक समजल्या गेल्याचीही उदाहरणे आहेत.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे पितृघराणे पहिल्या प्रकारचे, तर एलिस आयलंडवर उतरलेली पहिली स्थलांतरित ॲनी मूर हिचे प्रकरण दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे. या दोन उदाहरणांच्या आधारे आडनावाच्या लेखनातील बदलांची कारणे तपासणे आणि वंशशोधात त्या लेखनाला किती प्रमाण मानावे याचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

मराठी वाचकाला या प्रश्नाचे स्वरूप प्रथमदर्शनी अपरिचित वाटण्याचा संभव आहे. देवनागरीत उच्चार आणि लेखन यांत फारसे अंतर पडत नाही. इंग्रजीत एकच उच्चार अनेक प्रकारे लिहिता येतो. त्यात मूळ नाव आयरिश भाषेतील, ते उच्चारणारा निरक्षर आणि लिहून घेणारा इंग्रजी जाणणारा असा तिहेरी भेद पडला की एका नावाची अनेक रूपे होणे अपरिहार्य ठरते.

आयरिश आडनावांची घडण

युरोपात वंशपरंपरागत आडनावांची प्रथा जेथे लवकर रुजली त्या प्रदेशांत आयर्लंडची गणना होते. इ. स. ९१६ मध्ये मृत्यू पावलेल्या ओ क्लेरी नावाच्या सरदाराचा उल्लेख तेथील प्राचीन वृत्तांतांत आढळतो आणि तो या प्रथेचा एक आद्य दाखला मानला जातो. आयरिश आडनावात ‘ओ’ या उपपदाचा अर्थ नातू किंवा वंशज आणि ‘मॅक’ याचा अर्थ पुत्र असा होतो. ‘ओ रिअगान’ म्हणजे रिअगान नावाच्या पूर्वजाचा वंशज. स्त्रियांच्या नावात या उपपदांची रूपे बदलतात. मुलीच्या नावात ‘ओ’ ऐवजी ‘नी’ आणि ‘मॅक’ ऐवजी ‘निक’ येते. म्हणजे मूळ भाषेत सख्ख्या भावा-बहिणीच्या आडनावांचे रूपही एक नसते. नावाच्या रूपातील बदल ही त्या भाषेची स्वाभाविक व्यवस्था होती; स्थिर, एकच एक लेखनाचा आग्रह बाहेरून आला.

येथे महाराष्ट्रातील आडनावांशी एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ‘कर’ प्रत्ययान्त मराठी आडनाव बहुधा मूळ गावाचा निर्देश करते. त्यामुळे घराणे दूर गेले तरी गावाची खूण नावात राहते. आयरिश आडनाव पूर्वजाचे नाव सांगते, गावाचे सांगत नाही. आयर्लंडमध्ये ‘टाउनलँड’ हा जमिनीचा सर्वांत लहान प्रशासकीय घटक असून अशा घटकांची संख्या साठ हजारांहून अधिक आहे. स्थलांतरित कुटुंबाच्या स्मृतीतून टाउनलँडचे नाव एकदा पुसले गेले की केवळ आडनावाच्या आधारे ते परत मिळविणे जवळजवळ अशक्य होते.

इंग्रजीकरणाची प्रक्रिया

आयरिश नावांवर इंग्रजी सत्तेचा परिणाम मध्ययुगातच सुरू झाला. १४६५ च्या कायद्याने डब्लिन, मीथ, लाउथ व किल्डेर या भागांतील आयरिशांना इंग्रजी पद्धतीचे आडनाव घेण्यास फर्माविले. हे आडनाव एखाद्या गावावरून, रंगावरून, व्यवसायावरून किंवा पदावरून घ्यावे, असे त्यात नमूद होते. कायद्याचा प्रत्यक्ष अंमल मर्यादित राहिला. तथापि नावाचे रूप ही राज्यनिष्ठेची खूण मानण्याची दृष्टी त्यातून स्पष्ट होते.

सतराव्या शतकात गेलिक सरदारांची सत्ता संपुष्टात आली आणि जमिनी, न्यायालये व महसूल यांचे व्यवहार इंग्रजीत चालू लागले. या काळापासून नावात तीन प्रकारचे बदल झालेले दिसतात. पहिला प्रकार उच्चारानुसारी लेखनाचा. आयरिश नाव इंग्रज लेखनिकाला जसे ऐकू आले तसे त्याने इंग्रजी अक्षरांत उतरविले. दुसरा प्रकार उपपदाच्या लोपाचा. ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळून पडले. ओ सुलिव्हानचे सुलिव्हान आणि ओ रीगनचे रीगन झाले. तिसरा प्रकार भाषांतराचा. ‘मॅक गावन’ याचा अर्थ लोहाराचा पुत्र. म्हणून काही घराण्यांनी ‘स्मिथ’ हे इंग्रजी नाव स्वीकारले, तर काही ‘मॅकगावन’च राहिली. एकाच मूळ नावाचे एक रूप आयरिश आणि दुसरे पूर्णतः इंग्रजी वाटावे, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही प्रक्रिया काही अंशी उलटी फिरली. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगच्या प्रभावाने अनेकांनी गळालेली उपपदे पुन्हा लावली. आयरिश आडनावांचे प्रसिद्ध अभ्यासक एडवर्ड मॅकलायसाट हे जन्माने केवळ ‘लायसाट’ होते. ‘मॅक’ हे उपपद त्यांनी १९२० मध्ये स्वीकारले. आडनावांच्या इतिहासकारानेच स्वतःचे आडनाव बदलावे, ही घटना त्या काळाच्या मनोवृत्तीची निदर्शक आहे. वंशशोधकाला तिचा व्यावहारिक अर्थ असा की, आज ‘ओ’ लावणाऱ्या घराण्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी ‘ओ’ विना असू शकतात.

१८६४ पासून आयर्लंडमध्ये सर्व धर्मीयांचे जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली, तेव्हा या विविधतेची अडचण प्रशासनालाही जाणवली. नोंदणी खात्यातील अधिकारी रॉबर्ट मॅथेसन यांनी आडनावांची पर्यायी रूपे संकलित करून नोंदणी अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनार्थ पुस्तिका प्रसिद्ध केली. एकाच कुटुंबातील व्यक्ती दोन भिन्न आडनावे सरमिसळ वापरतात, ही बाब त्यात प्रकर्षाने नोंदविलेली आहे. म्हणजे आज संशोधकाला जी विसंगती वाटते ती त्या काळी लोकव्यवहारातील नित्याची गोष्ट होती.

दुष्काळ, स्थलांतर आणि साक्षरता

१८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. सुमारे दहा लक्ष माणसे मृत्युमुखी पडली आणि तितक्याच किंवा त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. १८४१ मध्ये सुमारे ८२ लक्ष असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लक्षांवर आली. १८४१ च्या जनगणनेनुसार पाच वर्षांवरील लोकसंख्येपैकी निम्म्याहून अधिक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते. १८५१ मध्ये आयरिश बोलणाऱ्यांची संख्या पंधरा लक्षांच्या घरात होती.

स्थलांतरितांपैकी अनेकांनी स्वतःचे नाव कधी लिहिलेलेच नव्हते. ते नाव उच्चारीत आणि धर्मगुरू, जहाजावरील कारकून, जनगणना करणारा किंवा न्यायालयातील लेखनिक ते लिहून घेई. ‘आमच्या पूर्वजाने आडनाव बदलले’ हे वाक्य म्हणून बहुतेक वेळा अचूक नसते. पूर्वजाने आडनाव उच्चारले. लिहिले ते दुसऱ्याने. बदलाचा कर्ता कोण, हा प्रश्न विचारल्याविना आडनावाचा इतिहास लिहिता येत नाही.

रेगन घराणे : बॅलीपोरीन ते इलिनॉय

रोनाल्ड रेगन यांचे पणजोबा मायकेल यांचा बाप्तिस्मा १८२९ मध्ये टिपरेरी परगण्यातील बॅलीपोरीन येथे झाला. त्यांचे पिता थॉमस व माता मार्गारेट मर्फी. या घराण्याचे नाव आयर्लंडमध्ये ओ रीगन किंवा रीगन असे होते आणि त्याचे प्रचलित स्पेलिंग आर, ई, जी, ए, एन असे होते. दुष्काळाच्या काळात मायकेल लंडनला गेले. तेथे पेकहॅम भागात साबण बनविण्याच्या व्यवसायात त्यांनी काम केले आणि १८५२ मध्ये आयरिश वंशाच्याच कॅथरिन मलकाही हिच्याशी त्यांचा विवाह झाला. या टप्प्यावर आडनावात ‘ई’ नंतर आणखी एक ‘ए’ आलेला दिसतो. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कुटुंब अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेले आणि इलिनॉय राज्यातील कॅरल परगण्यात शेती करू लागले. १८५४ मध्ये पेकहॅम येथे जन्मलेला त्यांचा पुत्र जॉन मायकेल, त्याचा पुत्र जॉन एडवर्ड ऊर्फ जॅक आणि १९११ मध्ये इलिनॉयमधील टॅम्पिको येथे जन्मलेले रोनाल्ड, अशी ही परंपरा आहे.

या वंशावळीत तीन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. पहिली, लंडनमधील मधला मुक्काम. आयर्लंडमधून थेट अमेरिकेत गेलेला प्रवासी म्हणून मायकेल यांचा शोध घेतल्यास धागा तुटतो. अशा वेळी अमेरिकेतील जनगणना उपयोगी पडते. १८५० पासून तिच्यात प्रत्येक व्यक्तीचा जन्मदेश विचारला जाई. आई-वडील आयर्लंडमध्ये आणि थोरली मुले इंग्लंडमध्ये जन्मलेली असतील तर मधल्या मुक्कामाची दिशा मिळते. इंग्लंडमधील विवाहनोंदीत १८३७ पासून वधूवरांच्या पित्यांची नावे व व्यवसाय लिहिले जात असल्याने तेथून मागील पिढीकडे जाण्याचा मार्ग खुला होतो. आडनावाच्या लेखनातील फरक येथे अडथळा ठरत नाही; कारण पित्याचे नाव, धर्म, काळ आणि ठिकाण हे चार दुवे परस्परांना पुष्टी देतात.

दुसरी गोष्ट स्मृतिभंगाची. जॅक रेगन लहानपणीच आई-वडिलांना पारखे झाले आणि नातेवाइकांकडे वाढले. ज्या दोन माणसांकडून घराण्याची कथा मुलाकडे यावयाची ती दोन्ही काळाच्या पडद्याआड गेली. त्यामुळे रोनाल्ड रेगन यांना पितृघराण्याच्या मूळ गावाविषयी प्रौढ वयापर्यंत माहिती नव्हती. ३ जून १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष या नात्याने त्यांनी बॅलीपोरीनला भेट दिली, तेव्हा कुटुंबाच्या तोंडी परंपरेतून नाहीशी झालेली गोष्ट कागदपत्रांच्या आधारे त्यांच्यापुढे आली होती.

तिसरी गोष्ट उच्चाराची. रेगन यांच्या मंत्रिमंडळात १९८१ ते १९८५ या काळात अर्थखाते सांभाळणारे डोनाल्ड रीगन यांच्या आडनावात तो अधिक ‘ए’ नव्हता. एकाचा उच्चार ‘रेगन’, दुसऱ्याचा ‘रीगन’. मूळ आयरिश नाव मात्र ‘ओ रिअगान’ हेच. एक अक्षर लेखनात शिरले आणि कालांतराने उच्चारातही भेद झाला. उच्चारावरून लेखन ठरते हे खरे. पण एकदा स्थिर झालेले लेखन पुढील पिढ्यांचा उच्चारही ठरविते, हे यावरून दिसून येते. मूळ नाव एक असले तरी दोन घराण्यांत रक्ताचे नाते होते, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

एलिस आयलंडची दंतकथा

‘एलिस आयलंडवरील अधिकाऱ्यांनी आमचे आडनाव बदलले’ अशी कथा अनेक अमेरिकन कुटुंबांत सांगितली जाते. ही कथा दोन कारणांनी टिकत नाही. एलिस आयलंड येथील केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले. दुष्काळातील आयरिश स्थलांतरित त्यापूर्वी चार-पाच दशके अमेरिकेत पोहोचले होते. न्यूयॉर्कमधील आधीचे कॅसल गार्डन केंद्रदेखील १८५५ मध्ये उघडले. दुसरे कारण कार्यपद्धतीचे. केंद्रावरील निरीक्षक नावे नव्याने लिहीत नसत. जहाज कंपनीने प्रस्थानाच्या वेळी तयार केलेल्या प्रवासी यादीशी ते माणसे ताडून पाहत. नावाचे रूप बदलले असेल तर ते बहुधा यादी तयार होताना, किंवा पुढे शाळा, कारखाना, चर्च व न्यायालय येथील व्यवहारात बदलले. १९०६ च्या कायद्याने नागरिकत्व मिळविताना न्यायालयामार्फत नाव बदलण्याचीही सोय झाली.

तरीही ही दंतकथा निरर्थक म्हणून सोडून देता येत नाही. दीर्घ काळात, अनेक हातांनी आणि नकळत झालेला बदल एका दिवसाच्या, एका अधिकाऱ्याच्या कृतीत साठवून ठेवण्याची लोकस्मृतीची पद्धत तिच्यात दिसते. इतिहासकाराने त्यातील घटना नाकारावी. परंतु नाव आपल्या हातात राहिले नाही, ही त्यामागील भावना नोंदवावी.

ॲनी मूर : एक नाव, दोन व्यक्ती

रेगन घराण्याच्या नेमके उलट उदाहरण ॲनी मूर हिचे आहे. कॉर्क परगण्यातील क्वीन्सटाउन बंदरातून ‘नेव्हाडा’ जहाजाने निघालेली ही मुलगी आपल्या दोन धाकट्या भावांसह १ जानेवारी १८९२ रोजी एलिस आयलंडवर उतरली आणि त्या केंद्रातील पहिली स्थलांतरित ठरली. पुढे ती टेक्सासमध्ये गेली व तेथे अपघातात मरण पावली, असे अनेक दशके मानले गेले. टेक्सासमधील स्त्रीच्या वंशजांना समारंभांत मानाने बोलाविले गेले. वंशशोधक मेगन स्मोलेनयाक यांनी कागदपत्रे तपासली तेव्हा टेक्सासमधील ॲनी मूर अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये जन्मली होती, असे आढळले. एलिस आयलंडवर उतरलेली ॲनी न्यूयॉर्कमध्येच राहिली, तेथेच तिचा विवाह झाला आणि १९२४ मध्ये तेथेच तिचे निधन झाले, हे २००६ मध्ये जाहीर करण्यात आले. या शोधात तिच्या भावाच्या नागरिकत्वाच्या कागदाचा मोठा उपयोग झाला.

येथे नाव अक्षरशः जुळत होते आणि तेच दिशाभूल करणारे ठरले. ‘मूर’ हे आडनाव इतके प्रचलित आहे की केवळ त्यावरून व्यक्ती ठरविणे धोक्याचे होते. जन्मस्थळाची एक नोंद वेळीच पाहिली असती तर चूक टळली असती. जुळणारे नाव संशोधकाला निश्चिंत करते, न जुळणारे सावध करते. म्हणून पहिल्यापासूनच अधिक भय असते.

साधने आणि त्यांच्या मर्यादा

आयरिश वंशशोधातील सर्वांत मोठी हानी ३० जून १९२२ रोजी झाली. यादवी युद्धाच्या प्रारंभी डब्लिनमधील फोर कोर्ट्स परिसरातील अभिलेखागार स्फोट व आगीत नष्ट झाले. १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेच्या मूळ कागदांचा बहुतांश भाग त्यात गेला. १८६१ ते १८९१ च्या जनगणनांचे कागद शासनाच्याच आदेशाने आधी नष्ट करण्यात आले होते. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील ब्रिटिश अमदानीच्या जनगणनांपैकी केवळ १९०१ व १९११ च्या नोंदी संपूर्ण उपलब्ध आहेत.

या पोकळीत तीन साधने महत्त्वाची ठरतात. १८२३ ते १८३७ या काळातील धर्मकराच्या वह्या, १८४७ ते १८६४ दरम्यान प्रसिद्ध झालेले ग्रिफिथ यांचे जमीन-मूल्यांकन आणि कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या. पहिल्या दोन साधनांत जमीन कसणाऱ्याचे नाव टाउनलँडसह मिळते. चर्चच्या वहीत आई-वडिलांबरोबर साक्षीदारांचीही नावे मिळतात. २०१५ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या नोंदवह्यांची छायाचित्रे संगणकावर सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आणि २०२२ मध्ये नष्ट अभिलेखांच्या अन्यत्र असलेल्या प्रती एकत्र करणारे आभासी अभिलेखागारही सुरू झाले.

लेखनभेदावर यांत्रिक उपाय शोधण्याचाही प्रयत्न झाला. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये एकस्व मिळविलेल्या पद्धतीतून ‘साउंडेक्स’ ही सूची विकसित झाली. १९३० च्या दशकात अमेरिकेत तिच्या आधारे जुन्या जनगणनांची सूची करण्यात आली. सामाजिक सुरक्षा योजनेखाली निवृत्तिवेतन मागणाऱ्या वृद्धांकडे वयाचा पुरावा नसे. तो जनगणनेत शोधावा लागे, हे त्यामागील व्यावहारिक कारण होते. या पद्धतीत आडनावाचे पहिले अक्षर कायम ठेवून पुढील व्यंजनांना अंक देतात. त्यामुळे रेगन व रीगन या दोन्ही स्पेलिंगांचा संकेत ‘आर-२५०’ असा एकच येतो. परंतु ओ रीगन हे नाव उपपदासह लिहिल्यास संकेत ‘ओ-६२५’ होतो. केअर्नी हे नाव ‘के’ ने लिहिले तर एका ठिकाणी आणि ‘सी’ ने लिहिले तर दुसऱ्या ठिकाणी जाते. स्वरांचे भेद ही पद्धत सांभाळते. आयरिश नावांचा खरा प्रश्न असलेले उपपद आणि आद्याक्षर तिच्या आवाक्याबाहेर राहतात.

याच केअर्नी आडनावाच्या संदर्भात आणखी एक उदाहरण बोलके आहे. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे मातृपरंपरेतील पूर्वज फाल्मथ केअर्नी हे १८५० मध्ये ऑफली परगण्यातील मनीगॉल येथून अमेरिकेस गेले. आडनाव सामान्य असले तरी ‘फाल्मथ’ हे विरळ व्यक्तिनाम शोधास उपकारक ठरले. ओबामा यांनी २३ मे २०११ रोजी मनीगॉलला भेट दिली. आडनावापेक्षा विरळ व्यक्तिनाम अधिक भरवशाचे असू शकते, हे या उदाहरणातून ध्यानात येते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. आडनावाचे स्पेलिंग हा वंशाचा पुरावा नसून नोंद करणाऱ्याचा कान, त्याची भाषा आणि त्याचा अधिकार यांचा पुरावा आहे. म्हणून प्रत्येक नोंदीसंबंधी ‘नाव काय’ याबरोबरच ‘लिहिले कोणी’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

२. स्पेलिंग भिन्न असणे हे नाते नाकारण्यास पुरेसे कारण नाही आणि ते समान असणे हे नाते मान्य करण्यास पुरेसे कारण नाही. रेगन घराणे पहिल्या विधानाचे, तर ॲनी मूर दुसऱ्या विधानाचे प्रमाण आहे.

३. व्यक्तीची ओळख ठिकाण, काळ, धर्म, व्यवसाय, भावंडे व साक्षीदार अशा अनेक दुव्यांच्या जुळणीतून सिद्ध होते. एकट्या पूर्वजाचा शोध घेण्यापेक्षा त्याच्या भावंडांचा व शेजाऱ्यांचा शोध घेणे अधिक फलदायी ठरते.

४. आडनावातील बदल हा दोष म्हणून दुरुस्त करू नये. नोंद जशी असेल तशीच उतरवून घ्यावी. कारण त्या बदलातच भाषांतर, सत्तांतर आणि स्थलांतर यांचा इतिहास साठविलेला असतो.

ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते अशा लक्षावधी माणसांविषयी इतिहासाकडे बहुधा एवढाच पुरावा आहे : दुसऱ्याने लिहिलेले त्यांचे नाव. ते अनेक प्रकारे लिहिले गेले म्हणून त्यातील एकच रूप खरे मानून इतर टाकून दिली, तर त्यांच्या प्रवासाचा तेवढा भाग पुसला जातो. वंशावळीच्या अभ्यासकाने सर्व रूपे जपली, तरच बॅलीपोरीनचा रीगन आणि इलिनॉयचा रेगन यांच्यामधील वाट स्पष्ट दिसू शकते.